श्रीनगरचा हमाम: पायाखालच्या उबेचे वेळापत्रक

काश्मीर म्हटले की आपल्याकडच्या घरांत एप्रिल-मेच्या सुट्ट्या, शिकारा आणि ट्यूलिपची बाग आठवते. हिवाळ्यात जाणारे असतात, पण ते बर्फ पाहून, गुलमर्गला दोन फोटो काढून परततात. भर थंडीत श्रीनगर शहरातच मुक्काम करायचा, गल्लीतल्या मशिदीत नमाज पढायची आणि तिथली माणसे थंडीशी कसा संसार करतात ते पाहायचे, असे फारसे कोणी ठरवत नाही. आम्ही ते ठरवले, कारण आमच्या भाच्याच्या कॉलेजमधल्या मित्राचे घर तिथे होते आणि त्या घरच्यांचा आग्रह मोडवेना.

जळगावहून आम्ही झेलम एक्स्प्रेसने निघालो. झेलमच्या काठी जायचे तर झेलमच्याच नावाच्या गाडीने जावे, ही अम्मींची हौस. भुसावळ सोडले की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर लागते. तिथल्या शाही किल्ल्यात मोगलांच्या वेळचा हमाम आहे. 1631 साली मुमताज महलचे निधन याच शहरात झाले. शाळेच्या सहलीत तो हमाम आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला. छतावरची रंगीत नक्षी आठवते, पाण्याचा हौद आठवतो. पण तो हमाम आता थंड आहे. तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे, अंग शेकण्यासारखे काही नाही. चालता-बोलता, रोज पेटणारा हमाम पाहायचा तर श्रीनगरच गाठावे लागते. जम्मूला उतरून रस्त्याने बनिहाल, तिथून रेल्वेने पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा ओलांडला आणि बाहेर पडलो तेव्हा जमीन पांढरी झालेली होती.

चाळीस दिवसांची थंडी

काश्मिरात थंडीचेही कॅलेंडर आहे. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’, म्हणजे मोठा चिल्ला. त्यानंतर वीस दिवस ‘चिल्ला-ए-खुर्द’, आणि शेवटी दहा दिवस ‘चिल्ला-ए-बच्चा’. एकूण सत्तर दिवस. मोठ्या चिल्ल्यात रात्रीचा पारा शून्याखाली असणे ही रोजचीच गोष्ट. 2021 च्या जानेवारीत तर श्रीनगरला तो उणे आठच्याही खाली गेला होता. नळातले पाणी गोठते, दल सरोवराच्या कडेला काचेसारखा थर धरतो. माणसे फेरनच्या आत कांगडी घेऊन चालतात. सकाळी कांदरूच्या, म्हणजे नानबाईच्या दुकानापुढे गरम रोटीसाठी रांग लागते, घरोघरी नून चहा उकळत असतो.

अशा थंडीत फजरला उठायचे, गोठलेल्या नळाखाली वुजू करायचा आणि दगडी फरशीवर उभे राहायचे, हे कसे जमत असेल? आमच्या घरातल्या बायकांनी पहिल्याच रात्री हा प्रश्न विचारला. मेजबान हाजीसाहेब हसले. “सकाळी चला, दाखवतो,” म्हणाले.

मशीद गल्लीच्या तोंडाशीच होती. जामा मशिदीसारखी थोर नाही. तिथे देवदाराचे 378 खांब आहेत, ती पाहायला आम्ही नंतर गेलोच. ही साधी मोहल्ल्याची मशीद. पण तिच्या अंगाला एक बुटक्या छताची लांबट खोली होती, आणि तिचे दार उघडताच चेहऱ्यावर ऊब आली. हाच हमाम. आपल्याकडे हमाम म्हणजे न्हाणीघर. इथे हमाम म्हणजे गरम फरशीची बैठक. फरशी मोठमोठ्या घडीव दगडांची. ते दगड आत विटांच्या ठेंगण्या खांबांवर ठेवलेले असतात आणि खाली पोकळी असते. खोलीच्या एका टोकाला, बाहेरच्या बाजूने, भट्टी. भट्टीवर तांब्याचे मोठे भांडे, त्यातले पाणी वुजूच्या नळांना जाते. भट्टीचा जाळ आणि धूर दगडांखालच्या पोकळीतून सरकत दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतो. जाता जाता आपली उष्णता दगडाला देऊन जातो. खोलीत धूर नाही, जाळ दिसत नाही, आणि पाय मात्र उबदार.

ही युक्ती फार जुनी आणि फार फिरलेली आहे. रोमन लोकांच्या स्नानगृहांत खांबांवर उचललेली फरशी असे. जॉर्डनच्या वाळवंटात उमय्या काळातल्या ‘कुसैर अम्रा’च्या स्नानगृहात तीच रचना आजही दिसते. तुर्कस्तानच्या हमामांत फरशीखालच्या तापत्या पोकळीला चक्क ‘जहन्नमलिक’ म्हणतात. कोरियात घराघरांत ‘ओंदोल’ नावाची तशीच गरम जमीन असते. काश्मीरने ही विद्या मशिदीला जोडली, आणि इथे ती मोहल्ल्याची बैठकही झाली. नमाजनंतर वडीलधारी माणसे भिंतीला पाठ टेकून तिथेच बसतात. कोणाचे लग्न ठरले, कोणाचे सफरचंद किती भावाने गेले, कोणाची तब्येत कशी आहे, सगळे त्या फरशीवर कळते.

समितीपुढचा कागद

आम्ही गेलो त्याच आठवड्यात त्या बैठकीत एक गंभीर विषय चालू होता. लाकूड महाग झाले आहे. धुराची तक्रार शेजारी करतात. हमाम पेटवणाऱ्या चाचांचे वय सत्तरीपुढे गेले, त्यांच्यामागे रात्री जागून भट्टी सांभाळायला कोणी तरुण तयार नाही. म्हणून लाकडाची भट्टी बंद करून फरशीत गरम पाण्याच्या नळ्या टाकाव्यात, असे मशिदीच्या समितीने मनावर घेतले होते. एका ठेकेदाराने अंदाजपत्रक दिले होते. जुन्या दगडांवरच नळ्या अंथरायच्या, वर दहा सेंटिमीटर काँक्रीट, बाहेर विजेचा बॉयलर आणि टायमर. कागदाच्या तळाशी एक वाक्य होते: अजानच्या अर्धा तास आधी बॉयलर आपोआप सुरू होईल आणि जमातीच्या वेळी फरशी गरम मिळेल.

हाजीसाहेबांनी तो कागद आमच्या भाच्यापुढे ठेवला. आमचा भाचा पुण्यात इमारतींच्या उष्णतेचे सिम्युलेशन करतो. म्हणजे इमारत बांधण्याआधीच ती उन्हात किती तापेल, थंडीत किती गारठेल, किती वीज खाईल, हे संगणकावर मांडून पाहतो. त्याने कागद दोनदा वाचला आणि चाचांना विचारले, “चाचा, तुम्ही फजरसाठी भट्टी कधी पेटवता?”

“इशा झाली की. दहाच्या सुमारास.”

“आणि विझवता कधी?”

“एकच्या पुढे लाकूड टाकत नाही. मग झोपतो.”

फजरची वेळ तेव्हा सहाच्या सुमारास सुरू होत होती आणि सूर्य उगवायला साडेसात वाजून जात होते. म्हणजे माणसे फरशीवर येण्याच्या पाच तास आधी चाचा आग थांबवत होते. ठेकेदाराच्या कागदावर अर्धा तास, आणि चाचांच्या हातात आठ तास. एवढी तफावत आली कुठून?

एका रात्रीची नोंद

त्या रात्री भाच्याने तारेला जोडलेले दोन छोटे डिजिटल थर्मामीटर फरशीवर चिकटवले. एक भट्टीच्या बाजूला, एक धुराड्याच्या बाजूला. दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहायचा. आमच्यातले पुरुष आळीपाळीने जागले, चाचांनी नून चहाचा समावार भरून ठेवला.

दहा वाजता आग लागली. तेव्हा भट्टीकडचा दगड 18 अंशांवर होता, कारण आदल्या दिवसाची ऊब त्यात शिल्लक होती. अकरा वाजले, आकडा हलला नाही. खाली जाळ धडाडत होता आणि वर दगडाला त्याचा पत्ता नव्हता. साडेअकराला कुठे 19 झाले. एक वाजता 23. चाचांनी हात झटकले आणि म्हणाले, “झाले माझे काम. आता दगडाचे काम.” आणि खरोखरच, आग मंदावत गेली तरी आकडा चढतच राहिला. तीन वाजता 28, साडेचारला 31. धुराड्याकडचा दगड तर मध्यरात्रीनंतर जागा झाला आणि पहाटे साडेसहाला 26 वर पोहोचला.

वहीतली ही एक ओळ आम्ही सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वाचली: आग एकला थांबली, आणि फरशी सर्वांत गरम झाली साडेचारला.

भट्टीच्या बाजूची जागा आधी तापते म्हणून तिथे वयस्कर नमाजी बसतात आणि तरुण धुराड्याकडे, हेही आम्हाला त्याच सकाळी नीट दिसले. कोणी तसा नियम केलेला नाही. दगडाच्या उशिराने तो करून ठेवला आहे.

उशीर कुठे कुठे होतो

भाच्याने दुसऱ्या दिवशी हमामात बसूनच सगळ्यांना समजावले, आणि आम्हालाही तेव्हाच ते कळले.

गरम जमिनीत उशीर एकच नसतो. पहिला उशीर वाटचालीचा. नळीची एक फेरी शंभर मीटर लांब असेल आणि पाणी सेकंदाला पाव मीटर चालत असेल, तर बॉयलरमधून निघालेले गरम पाणी शेवटच्या टोकाला पोहोचायला 400 सेकंद लागतात, म्हणजे सातएक मिनिटे. तोवर त्या टोकाला काहीच कळत नाही. हा उशीर लहान, पण पक्का असतो.

दुसरा उशीर झिरपण्याचा, आणि मोठा तोच. उष्णता काँक्रीटमधून किंवा दगडातून हळूहळू वर सरकते. तिचा एक विचित्र कायदा आहे. जाडी दुप्पट केली तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाच सेंटिमीटर काँक्रीट पार करायचा ढोबळ वेळ धरला तर सव्वा तासाच्या आसपास येतो. दहा सेंटिमीटरला तोच साडेचार तासांच्या पुढे जातो. घरात बिडाचा जाड तवा आणि पातळ पत्र्याचा तवा दोन्ही वापरणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. जाड तवा उशिरा तापतो, आणि गॅस बंद केल्यावरही शेवटची भाकरी त्याच्यावर भाजून निघते.

तिसरा उशीर खोलीचा. फरशी तापली तरी भिंती, छत आणि हवा यांना तिच्याकडून ऊब घ्यायला आणखी वेळ लागतो.

“मग ठेकेदाराने अर्धा तास कुठून आणला?” हाजीसाहेबांनी विचारले. भाच्याने पाटीवर दोन आकडे लिहिले. हमामाची खोली साधारण चाळीस चौरस मीटरची आणि तीन मीटर उंच. तिच्यातली हवा वजनाने सव्वाशे किलोच्या आसपास. आणि फरशीचे दगड, सहा इंच जाडीचे, मिळून सुमारे पंधरा टन. हवेचा एक अंश वाढवायला जेवढी उष्णता लागते त्याच्या जवळपास शंभरपट दगडाचा एक अंश वाढवायला लागते. बॉयलरच्या ताकदीला फक्त हवेच्या हिशोबाने भागले की उत्तर अर्धा तास येते. नमाजी काही हवेवर उभे राहत नाहीत.

त्यातच, ठेकेदाराच्या नकाशात नळ्यांखाली उष्णता अडवणारा थर नव्हता. म्हणजे नळ्यांची ऊब वर काँक्रीटमध्ये जाईल तशीच खाली त्या पंधरा टन दगडांतही जाईल. जुना दगड आधी पोट भरेल, मग उरलेले वर येईल.

संगणकावरच्या बादल्या

मग भाच्याने लॅपटॉप उघडला. त्याच्या कामातली मेख त्याने अशी सांगितली. संगणकाला फरशी म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला बादल्या ठाऊक असतात. समजा संपूर्ण फरशी म्हणजे एक बादली. तिच्यात वरून पाणी ओतले, म्हणजे उष्णता दिली, की पातळी त्याच क्षणी वाढू लागते. अशा मॉडेलमध्ये आग लावताच वरचा दगडही किंचित तापलेला दिसतो. उशीर नावाची चीजच त्यात नसते.

आता फरशीचे सहा थर धरा आणि एकाला एक जोडलेल्या सहा बादल्या मांडा, प्रत्येकीच्या बुडाशी बारीक छिद्र. पहिलीत ओतलेले पाणी दुसरीत झिरपते, दुसरीतले तिसरीत. शेवटची बादली बराच वेळ जवळपास कोरडीच राहते, मग हळूहळू भरू लागते. आणि वरून ओतणे थांबवले तरी तिची पातळी काही काळ वाढतच राहते, कारण मधल्या बादल्यांत पाणी अजून वाटेवर असते. नेमके हेच आमच्या वहीतले आकडे सांगत होते.

नळीतल्या पाण्याच्या वाटचालीसाठी वेगळी तजवीज करावी लागते. आत गेलेल्या पाण्याचे तापमान संगणकाने टिपून ठेवायचे आणि तेवढे सेकंद उलटल्यावरच दुसऱ्या टोकाला हजर करायचे. रांगेत मागे उभा राहिलेला माणूस आधी खिडकीपाशी पोहोचू शकत नाही, तसे.

आणखी एक गोष्ट, जी चाचांना पाठ होती आणि संगणकाला सांगावी लागली. सुरुवात शून्यातून होत नाही. कालची ऊब आजच्या हिशोबात धरावी लागते. चाचा म्हणाले, “मोसमात पहिल्यांदा भट्टी लावतो ना, तेव्हा दगड दोन दिवस सगळे गिळतो. तिसऱ्या दिवसापासून परत द्यायला लागतो.” भाच्याने मॉडेलमध्ये दगड पूर्ण गार धरून पाहिला तेव्हा पहिल्या रात्री फरशी पुरेशी तापलीच नाही. आदल्या दिवसाची नोंद घातली तेव्हा रेष आमच्या वहीतल्या आकड्यांच्या जवळून जाऊ लागली. दगडातून उष्णता किती वेगाने सरकते आणि भट्टी दगडाला किती देते, हे दोन आकडे त्याने थोडे मागेपुढे केले, आणि रेष बसली.

गंमत म्हणजे या गणिताचा पाया घालणारा फ्रेंच विद्वान जोझेफ फूरिये 1798 मध्ये नेपोलियनबरोबर मिसरला गेला होता आणि कैरोत काही वर्षे राहिला. घन पदार्थातून उष्णता कशी सरकते हे सांगणारा त्याचा ग्रंथ 1822 मध्ये आला. आजची सगळी सिम्युलेशने त्याच समीकरणाचे तुकडे पाडून सोडवतात. चाचांनी हे ऐकून एवढेच विचारले, “त्याच्याकडे हमाम होता का?”

उशीर शत्रू की सोबती?

मेजबानांच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली पाहुण्यांना भाड्याने देतात. तिच्यात नळ्यांची गरम फरशी आहे आणि भिंतीवर थर्मोस्टॅटची चकती. घरच्या बाजींनी आमच्या बायकांना तिची कहाणी सांगितली. पाहुणे रात्री आठला येतात, चकती वीसवर ठेवतात. अर्धा तास काही होत नाही. मग पंचवीस. मग तीस. रात्री दोनला खोली भट्टी होते, पाहुणे खिडक्या उघडतात, चकती बंद करतात, आणि सकाळी उठतात तेव्हा फरशी गार. दोष चकतीचा नसतो. आत्ता दिलेल्या हुकमाचे उत्तर चार तासांनी येणार, हे न धरता हुकूम देत राहिले की असेच होते. बाजींनी आता चकतीवर चिकटपट्टी लावली आहे आणि पाहुणे येण्याच्या दिवशी दुपारी दोनला स्वतःच खोली चालू करतात.

पण याच उशिराची दुसरी बाजू समितीला जास्त महत्त्वाची होती. श्रीनगरला हिवाळ्यात वीज वेळापत्रकाने जाते, आणि वेळापत्रकाबाहेरही जाते. ऐन पहाटे वीज गेली तर? पातळ फरशी लवकर तापते आणि लवकर निवतेही. जाड फरशी उशिरा तापते, पण वीज असताना रात्री भरून ठेवली तर पहाटे तीन तास वीज नसली तरी तिला पर्वा नसते. उशीर नीट मोजला तर तीच साठवण. न मोजता सोडला तर तोच घात.

भाच्याने समितीला एका कागदावर साध्या उर्दूत तीन गोष्टी लिहून दिल्या. एक, नळ्यांखाली उष्णता अडवणारा थर घातल्याशिवाय काम सुरू करू नये. दोन, हमामाच्या जाड फरशीला टायमर लावायचा तर तो अजानला बांधू नये, रात्री दहाला बांधावा. आभाळ निरभ्र असेल त्या रात्री थंडी जास्त पडते, तेव्हा त्याहून आधी. तीन, मुलांच्या मकतबची नवी खोली बांधायची आहे, तिथे मुले दुपारी दोनच तास येतात. तिथे पाच सेंटिमीटरची पातळ फरशी करावी, दीड-दोन तास आधी चालू केली की पुरे. फरशीचा पृष्ठभाग 29 अंशांपेक्षा जास्त तापवू नये, असे युरोपातल्या मानकात बसण्या-उठण्याच्या खोल्यांसाठी सांगितलेले आहे. मुले तासभर मांडी घालून बसणार, म्हणून तेही त्याने खाली लिहिले.

चर्चा दोन दिवस चालली. कोणी म्हणाले, दगड काढूनच टाका. कोणी म्हणाले, दगड काढला तर हमाम कसला. एका बुजुर्गांनी लाकडाचा हिशोब मागितला. भाच्याने तोही केला. फरशी बारा अंशांनी वाढवायला जेवढी उष्णता लागते ती कागदावर दहा-अकरा किलो सुक्या लाकडातून मिळते. चाचा रात्रीला जवळपास चाळीस किलो जाळतात. बाकीचे काही पाण्याला जाते, काही खालच्या जमिनीत मुरते, आणि बरेचसे धुराड्यातून आभाळात. “मग आधी धुराड्याला झडप लावा आणि भट्टीचे दार नीट बसवा,” बुजुर्ग म्हणाले. “लाकूड वाचले तर या वर्षी दगड राहू द्या.”

शेवटी तसेच ठरले. मकतबच्या खोलीत पातळ फरशी आणि नळ्या, खाली रोधक थर. हमाम यंदा लाकडावरच, झडप आणि नवे दार लावून. मशिदीशेजारचा एक तरुण सुतार आठवड्यातून तीन रात्री चाचांबरोबर भट्टीवर बसायला तयार झाला. चाचा त्याला काय शिकवतात ते आम्ही पाहिले. लाकूड कसे रचायचे ते पहिल्याच रात्री झाले. बाकी सारी शिकवण थांबण्याची होती. दगड गार आहे म्हणून घाबरून आणखी लाकूड टाकायचे नाही. हात फरशीवर नाही, घड्याळावर ठेवायचा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

हिवाळ्यात श्रीनगरला कुटुंबासह जायचे असेल तर मुक्कामाच्या जागी खोली गरम करण्याची सोय कोणती आहे हे आधी विचारावे. फरशी गरम होणारी असेल तर पोहोचण्याची वेळ आदल्या दिवशीच कळवावी, म्हणजे घरमालक दुपारीच ती चालू करतील. रात्री चकतीशी खेळू नये. बुखारी किंवा गॅसचा हीटर असेल तर झोपताना बंद करावा आणि खिडकीची फट उघडी ठेवावी. बंद खोलीतला वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि दरवर्षी त्याने जीव जातात. वयस्कर माणसांसाठी लोकरीचे मोजे दोन जोड, आणि कांगडी हाताळायची तर घरच्यांकडून शिकूनच.

मशिदीच्या हमामात परक्या नमाजीचे स्वागत असते. पुरुषांनी अवश्य जावे, भट्टीच्या बाजूची जागा बुजुर्गांसाठी सोडावी. आमच्या बायकांना मशिदीचा हमाम आतून पाहता आला नाही, पण शेजारच्या एका जुन्या घरात घरगुती हमाम होता, तिथे त्यांनी दोन दुपारी काढल्या. अम्मींचे गुडघे त्या दगडावर इतके सैलावले की परत निघताना त्यांनी त्या घरच्या आजींकडे दगडच मागितला.

आठव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा फजरची जमात उभी राहत होती. फरशी गरम होती. पहिल्या सफेत चाचा दिसले नाहीत. ते भट्टीमागच्या खोलीत नमाज उरकून फेरन डोक्यावर ओढून झोपले होते. ज्यांच्या पायांना ऊब लागत होती त्यांतल्या कित्येकांना ती आग कधी पेटली होती हे ठाऊकही नसेल. सुतार मात्र जागा होता. आम्हाला बॅगा उचलायला मदत करून तो म्हणाला, “आज रात्री मी एकटा पेटवणार आहे. दुआ करा.” आम्ही केली, आणि भाच्याने आपला एक थर्मामीटर त्याच्या हातात ठेवला.